खंड पडल्यावर

पाडव्याला महिना उलटून गेला. त्या दिवशी सकाळी आपण कडुनिंबाची पाने चावली आणि दुपारी श्रीखंडाच्या दोन वाट्या संपविल्या. वर्षाच्या पहिल्याच दिवशी पथ्य आणि कुपथ्य यांना शेजारी शेजारी पाट मांडणारा आपला समाज मोठा समजूतदार असला पाहिजे. त्याच दिवशी आपल्यापैकी पुष्कळांनी नेमही धरले असतील. रोज पहाटे फिरावयास जाईन, बारा नमस्कार घालीन, चहातली साखर सोडीन, रात्री आठनंतर तोंडात काही टाकणार नाही. त्यांतले किती नेम आज जिवंत आहेत, हे आम्ही या मांडवात विचारीत नाही. हात वर करावयास सांगितले असते, तर पहिला हात आमचाच खाली राहिला असता.

आरोग्यावर बोलणारे वक्ते नेम कसा धरावा हे सांगतात. कोणत्या पालेभाजीत कोणता गुण आणि कोणत्या आसनाने कोणते इंद्रिय सुधारते, हेही सांगतात. नेम मोडल्यावर काय करावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते सांगणे म्हणजे मोडण्यास परवानगी देणे, अशी काहीशी भीती त्यामागे असावी. वस्तुतः ज्याचा नेम कधीच मोडला नाही असा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. तीस-तीस वर्षे तालमीत जाणाऱ्यांशी एकदा मोकळेपणाने बोलून पाहा. परीक्षा, बाळंतपणे, बदल्या, टायफॉइड, घरातले मृत्यू, अशा कितीतरी कारणांनी पडलेले खंड ते सांगतील. त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच की त्यांचा खंड पंधरा दिवसांचा असतो, आणि आपला पुढच्या पाडव्यापर्यंत चालतो. तेव्हा आज बोलावयाचे ते या पंधरा दिवसांविषयी.

'आरंभशूर' हा आपल्याकडचा शब्द मोठा बोचरा आहे. आम्हांस तो थोडा अन्यायाचाही वाटतो. पहिला आरंभ सोपा असतो हे कबूल. उत्साह असतो, नवे बूट असतात, घरचे कौतुकाने पाहत असतात. दुसरा आरंभ मात्र शूराचेच काम आहे. तेव्हा बूट जुने झालेले असतात आणि घरच्यांच्या चेहऱ्यावर निराळेच हसू असते.

आमची स्वतःची हकीकत सांगावयास हरकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही रोज सकाळी पर्वती चढत असू. पायऱ्या १०३, पण रुंद आणि चढत्या अंगाच्या असल्यामुळे प्रथम प्रथम त्या दोनशे वाटतात. सात महिने नेम उत्तम चालला. मग घरात लग्न निघाले, आणि त्या धावपळीत पाय मुरगळला. दहा दिवस विश्रांती सांगितली होती, ती आम्ही इमानाने घेतली. अकराव्या दिवशी पाय अगदी बरा होता. तरी गेलो नाही. पायरीवर रोज भेटणारी मंडळी विचारतील, 'काय हो, बरेच दिवसांत दिसला नाहीत?' आणि आपल्याला अर्ध्यावर धाप लागलेली ती पाहतील, एवढीच काय ती अडचण होती. बाराव्या दिवशी ती थोडी वाढली, महिन्याने बरीच वाढली. शेवटी खंड अकरा महिन्यांचा झाला. पाय बरा व्हावयास दहा दिवस लागले. उरलेले दहा महिने कोणत्या दुखण्याने घेतले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे.

या दुखण्याचा पहिला चांगला तपास अमेरिकेत १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी केला. त्यांनी कॉलेजातील मुलींना पदार्थांची चव घेण्याच्या निमित्ताने बोलाविले. काहींना आधी काहीच दिले नाही, काहींना एक पेला मिल्कशेक दिला, काहींना दोन. नंतर सगळ्यांपुढे आइसक्रीम ठेवले आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन पाळीत नव्हत्या, त्या दूध पिऊन आल्यावर आइसक्रीम कमी खात; पोट भरलेले असल्यावर दुसरे काय होणार? पण ज्या मुली वजनाच्या धास्तीने मोजूनमापून खाणाऱ्या होत्या, त्यांचे उलटे झाले. काही न पिता आलेल्यांनी बेताने खाल्ले, आणि मिल्कशेक पिऊन आलेल्यांनी अधिक खाल्ले. आजचा दिवस तर बुडालाच, मग आता हात कशाला आखडावयाचा, असा तो हिशेब. 'बुडत्याचा पाय खोलात' ही म्हण आपण दैवाविषयी वापरतो. येथे पाय खोलात नेणारे दैव नव्हते, मनातला हिशेब होता. पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिव्ही यांनी आणखी एक गंमत दाखविली. दिलेल्या पदार्थात उष्मांक खरोखर किती आहेत याला महत्त्व नव्हते. तो पदार्थ फार पौष्टिक आहे असे नुसते सांगितले, तरी बंधन पाळणारे नंतर जास्त खात. म्हणजे पथ्य पोटात मोडण्याआधी डोक्यात मोडलेले असते.

दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांवर काम करताना ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाला हेच दिसले. घसरणे निराळे आणि पडून राहणे निराळे, हा भेद त्यांनी नीट मांडला. जुडिथ गॉर्डन यांच्याबरोबरचा त्यांचा ग्रंथ १९८५ साली निघाला. त्यांचे म्हणणे असे : व्रत जितके कडक, तितका पहिल्या चुकीचा धक्का मोठा. चूक झाल्यावर माणूस कारण शोधतो. 'आज प्रवास होता, स्टेशनवर दुसरे काही मिळाले नाही', असे कारण सापडले तर तो उद्या पुन्हा वाटेवर येतो. 'माझ्या अंगात निश्चयच नाही', असे सापडले तर येत नाही. कारण प्रवास उद्या संपेल, पण नसलेला निश्चय उद्या कोठून येणार? मोडेन पण वाकणार नाही हा बाणा आपल्याला फार प्रिय आहे. लढाईत तो शोभत असेल. पण रोजच्या जेवणाखाण्यात हा बाणा धरणारे आमच्या पाहण्यात तरी बहुधा मोडतात.

आता मन बाजूला ठेवून शरीराकडे पाहू. कारण शरीराचे नुकसान आपण समजतो तेवढे सहसा झालेले नसते, आणि हे कळले तरी अर्धे काम होते.

लग्नाचे जेवण जेवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहतो आणि दीड किलो वाढलेले पाहून हाय खातो. तीन महिने राखलेले एका पंगतीत गेले! पण एक किलो चरबी साठावयास गरजेहून सुमारे ७,७०० उष्मांक अधिक पोटात जावे लागतात. जिलब्यांची पैज मारली तरी एका बैठकीत ते साधणे कठीण. मग वाढले ते काय? पिष्टमय आणि गोड पदार्थ खाल्ले की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. खारट पदार्थांनी आणखी पाणी राहते, आणि न पचलेल्या अन्नाचे स्वतःचे वजन असतेच. रोजच्यासारखे जेवू लागले की दोनचार दिवसांत हे ओझे बहुतेक उतरते. ते उतरण्याची वाट न पाहता जो दुसऱ्या दिवशी कडकडीत लंघन करतो, तो तिसऱ्या दिवशी दुप्पट भुकेने ताटावर बसतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. मधुमेहावर इन्सुलिन किंवा तशा प्रकारच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे प्रायश्चित्त मुळीच घेऊ नये. रक्तातली साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

व्यायामाचे काय? दम लवकर जातो, ही गोष्ट खरी. एडवर्ड कॉइल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली कसलेल्या धावपटू-सायकलपटूंचा व्यायाम बंद करवून मोजमाप केले. जोराच्या श्रमात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे त्यांनी मोजले. पहिल्या तीन आठवड्यांत ही शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी उतरली, आणि पुढे सुमारे १६ टक्क्यांवर येऊन घसरण थांबली. स्नायूंची ताकद याहून सावकाश जाते. सात टक्के म्हणजे सर्वस्व नव्हे. पण पर्वतीच्या साठाव्या पायरीवर ते बरोबर जाणवतात, आणि त्या वेळी ते सत्तर टक्के वाटतात.

परंतु या बाबतीतली सर्वांत बोलकी हकीकत टेक्सासमधील डॅलस येथली आहे. १९६६ साली तेथे पाच निरोगी तरुणांना, सगळे विशीचे, तीन आठवडे बिछान्यात पडून ठेवण्यात आले. उठले तेव्हा त्यांची ही प्राणवायूची शक्ती चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. मग सुमारे आठ आठवडे कसून व्यायाम दिला आणि ती भरून येऊन मूळपेक्षाही वर गेली. एवढ्यावर प्रयोग संपला असता तर तो रुग्णांना लवकर चालते करावे या विषयापुरता राहिला असता. पण तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाचही जण पुन्हा बोलाविले गेले. आता ते पन्नाशीचे होते. सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेले होते, अंगातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. संसार, नोकऱ्या, मुलेबाळे, सगळे त्या तीस वर्षांत येऊन गेलेले. तपासणीत पहिली गोष्ट अशी निघाली की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी शक्ती नेली होती, त्याहून अधिक १९६६ सालच्या त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने नेली होती! दुसरी गोष्ट आमच्या विषयाची. या पन्नाशीच्या पाच गृहस्थांना सहा महिने चालणे, हलके धावणे आणि सायकल असा व्यायाम दिला. प्रारंभ अगदी थोडक्यात, मग दर आठवड्याला थोडी वाढ. सहा महिन्यांच्या शेवटी त्यांची शक्ती विसाव्या वर्षी बिछान्यात पडण्यापूर्वी जेवढी होती तेवढ्यावर परत आली. कसून व्यायाम केल्यानंतर विशीत गाठलेली उंची मात्र कोणालाच पुन्हा गाठता आली नाही, हेही सांगितले पाहिजे. पाचच माणसे, तेव्हा या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. तरीसुद्धा तीस वर्षांचा खंड सहा महिन्यांत एवढा भरून येत असेल, तर आमच्या अकरा महिन्यांचे आम्ही उगाच अवडंबर माजविले होते, एवढे निश्चित.

याच ठिकाणी एकवीस दिवसांच्या गोष्टीचाही समाचार घेऊ. एकवीस दिवस केले की सवय जडते, हे वाक्य आज घरोघर ऐकू येते. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या शस्त्रवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नाकाची वा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना नव्या रूपाची सवय व्हावयास निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे 'निदान' गळाले, नाकही गळाले, आणि एकवीस दिवस तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ माणसांवर बारा आठवडे प्रत्यक्ष पाहिले. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्याचा नेम धरला होता, कोणी रात्रीच्या जेवणापूर्वी पंधरा मिनिटे धावण्याचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास मध्यममानाने ६६ दिवस लागतात असे निघाले. कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज आला. आणि एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या वाटचालीवर फारसा परिणाम होत नाही, असेही दिसले. आमच्या मते त्या निबंधातले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. मोबाईलमधले पावले मोजणारे यंत्र याच्या नेमके उलट सांगते. चाळीस दिवस सलग चाललात, एक दिवस चुकलात, की ते शून्य दाखविते. यंत्राला मोजणी येते, माणूस येत नाही. चाळीस दिवसांत पायांनी जे कमावले ते एकेचाळिसाव्या दिवशी कोठे जाते?

आपल्या जुन्या व्रतवैकल्यांना हे शहाणपण होते. घरात सोयर-सुतक आले तर पूजा दुसऱ्याच्या हातून होई किंवा ती वेळ सोडून पुढची धरीत. सोळा सोमवार करणारी आमची आत्या अडचणीचा सोमवार मोजीत नसे. शेवटी एक जादा धरी आणि उद्यापन करी. व्रत बुडाले म्हणून ती कधी कपाळाला हात लावून बसली नाही. खंड पडणारच, हे व्रत सांगणाराने आधीच धरलेले होते.

आता कोणी म्हणेल, अशी सूट दिली तर माणूस सैल सुटेल. थोडे बोलून घेतल्याशिवाय मन ताळ्यावर येत नाही. ही शंका रास्त आहे, आणि तिची परीक्षाही झालेली आहे. २००७ साली क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी मुलींना एक डोनट, म्हणजे तळून साखर लावलेला एक पाव, खावयास दिला. काही मुलींना त्यानंतर समजुतीचे दोन शब्द सांगितले, की असे कधीमधी सगळेच खातात, मनाला लावून घेऊ नका. मग चवीसाठी गोळ्या-चॉकलेटे पुढे ठेवली. एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना ते दोन शब्द मिळाले होते, त्यांनी कमी खाल्ले. ज्यांना मिळाले नव्हते, त्यांनी जास्त. स्वतःला दिलेल्या शिव्या पथ्याच्या कामी येत नाहीत. त्या दिल्याने आपण काहीतरी केले असे समाधान मात्र मिळते, आणि फिरावयास जाणे राहूनच जाते.

येथे एक गोष्ट आम्हांस शेजारच्या वहिनींनी शिकविली. त्यांचा सकाळचा फिरण्याचा नेम वर्षात तीनदा मोडला, तेव्हा आम्ही निश्चयाचे महत्त्व वगैरे त्यांना ऐकवू लागलो. त्या म्हणाल्या, ''भाऊजी, माझा नेम मी मोडतच नाही हो. तो दुसरेच मोडतात. नळाला पाणी सातऐवजी सहाला येऊ लागलं, मोडला. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, मोडला. धाकट्याची शाळा सकाळची झाली, मोडला.'' आम्ही गप्प बसलो. पुरुषांच्या नेमात खंड पडतो तो बहुधा स्वतःच्या आळसाने किंवा लाजेने. घरातल्या बाईच्या नेमात तो बाकी सगळ्यांच्या सोयीने पडतो, आणि त्याचाही दोष ती स्वतःकडेच घेते. सवय म्हणजे खुंटीला टांगलेले वस्त्र. आंघोळ, चहा, ऑफिसची वेळ अशी रोज ठरल्या ठिकाणी असणारी खुंटी हवी. खुंटी उपटली की वस्त्र खाली पडणारच. त्यात वस्त्राचा दोष काय? अशा वेळी निश्चय तपासण्यापेक्षा दुसरी खुंटी पाहावी. वहिनींनी ती पाहिली. मुलाला शाळेच्या बसवर बसविले की घरी न परतता त्या तेथूनच अर्धा तास चालून येतात, आणि तेवढ्या वेळात चहा व सासूबाईंची गोळी हे काम त्यांच्या यजमानांकडे गेले. हा दुसरा भाग ठरावयास पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले, असे त्या सांगतात.

मग प्रत्यक्षात करावे काय? आमचा अनुभव आणि वर सांगितलेले शास्त्र मिळून थोडेच सांगता येते. एक तर पुन्हा सुरुवात करताना सोडले तेथून करू नये. तालमीतले वस्ताद महिन्याने आलेल्या पोराला पहिल्या दिवशी निम्मेही जोर काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. जुन्या आकड्याच्या हट्टाने पहिल्याच दिवशी अंग धरते आणि दुसरा खंड तेथेच ठरतो. ताप, शस्त्रक्रिया किंवा छातीचे दुखणे यांतून उठलेल्याने तर आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते खरी. पण २०२० सालच्या त्याच मार्गदर्शनात मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे असेही म्हटले आहे, आणि सलग दहा मिनिटे तरी हवीत ही जुनी अटही त्यात उरलेली नाही. तेव्हा नेमाला एक लहान भाऊ असावा. अर्धा तास नाही जमला तर गल्लीच्या टोकापर्यंत. बारा नमस्कार नाहीत तर दोन. त्याने शरीराला फारसे मिळणार नाही. पण दाराशी काढून ठेवलेले बूट पायांच्या ओळखीचे राहतात.

दुसरे असे की परतीची वाट खंड पडण्यापूर्वी ठरवून ठेवावी. 'गावाहून आलो की दुसऱ्या सकाळी चहाच्या आधी खाली उतरेन', एवढे नेमके वाक्य. २००२ साली इंग्लंडमधील एका प्रयोगात आठवड्यातून एकदा व्यायाम करावयाचा होता. ज्या विद्यार्थ्यांना दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवावयास लावले, त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी तो केला. ज्यांना व्यायामाचे फायदे तेवढे वाचावयास दिले, त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांनी. आमच्यासारख्या व्याख्यात्यांनी या आकड्यावर विचार करावा. आणि तिसरे, सोमवारची वाट पाहू नये. आठवडा, महिना, वर्ष यांच्या आरंभी माणसांना नव्याने सुरू करण्याची उमेद येते, हे २०१४ साली हेंगचेन डाई प्रभृतींनी आकडे देऊन दाखविले आहे. उमेद आली तर घ्यावी. पण मंगळवारी मोडलेला नेम सोमवारपर्यंत थांबला, तर त्याचे पाच दिवस फुकट जातात, आणि त्या पाच दिवसांत 'सोमवारपासून बंदच आहे' म्हणून जे खाल्ले जाते ते निराळे.

आम्ही स्वतः पुन्हा पर्वतीवर गेलो तो बुधवार होता. तिथीही काही विशेष नव्हती. चाळीस पायऱ्या झाल्या आणि आम्ही कठड्याशी बसलो. रोजच्या मंडळींपैकी एक वृद्ध गृहस्थ वरून उतरत होते. ज्या प्रश्नाला आम्ही अकरा महिने भ्यालो, तो त्यांनी विचारलाच, ''बरेच दिवसांत दिसला नाहीत?'' आम्ही म्हणालो, ''घरीच होतो.'' ''मीही पावसाळाभर घरीच होतो,'' ते म्हणाले, आणि टेकावयास जागा पाहू लागले. आम्ही थोडे सरकलो.